घरच्या शेडमधील वेल्डिंग आणि विजेची जोडणी

(येळ्ळूर येथे शेतकरी व तरुण कारागीर यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेसारख्या विषयावर बोलण्यास कलाशाखेचा पदवीधर उभा राहावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. प्रसिद्धी अधिकाऱ्याने वायर जोडावयाची नसते. जाणकार जे सांगतात ते लोकांना समजेल अशा भाषेत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

राजहंसगडाच्या पायथ्याचे आपले हे गाव भातशेतीचे, आणि तितकेच कारागिरांचेही. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि यंत्रशाळा येथून दूर नाहीत. तेथे हात बसलेला तरुण घरी परततो तेव्हा त्याला वाटते, की ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आपलेही एक वेल्डिंग मशीन असावे. ट्रॉलीचा फाळका निखळला, कुळवाची फास मोडली, गेटचा बिजागर तुटला, तर शहरापर्यंत जाण्याचे कारण राहत नाही. शेजाऱ्यांचे काम होते आणि चार पैसेही सुटतात. ही उमेद स्वागतार्हच आहे. अडचण मशीनची नसून, ते ज्या पिनेला लावले जाते त्या पिनेची आहे.

घरात मिक्सरसाठी ६ अँपिअरचा आणि गिझरसाठी १६ अँपिअरचा असे दोन तऱ्हेचे सॉकेट असतात. वेल्डिंग मशीन यांपैकी कशात बसते? हिशेब अवघड नाही. सव्वातीन मिलिमीटरचा म्हणून आपण जो रॉड वापरतो, त्याला साधारण १२५ अँपिअर प्रवाह लागतो आणि ठिणगीच्या जागी सुमारे २५ व्होल्टचा दाब असतो. म्हणजे प्रत्यक्ष कामाला तीन किलोवॅटहून थोडी अधिक शक्ती लागली. नव्या इन्व्हर्टर पद्धतीच्या मशीनमध्ये होणारी घट धरली, तर घरच्या २३० व्होल्टच्या वायरीतून सुमारे २४ अँपिअर ओढले जातात. जुन्या तेलाच्या किंवा हवेच्या ट्रान्सफॉर्मर मशीनची गोष्ट त्याहून बिकट. मोकळ्या अवस्थेत त्याच्या टोकांवर ७० व्होल्ट येत असतील, तर तेवढ्याच कामासाठी ते ३८ अँपिअरच्या आसपास घेते. १६ अँपिअरच्या पिनेवर हा बोजा टाकणे म्हणजे बैलगाडीत ट्रकभर ऊस भरण्यासारखे आहे. गाडी पहिल्या वळणावर मोडेलच असे नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. रॉड थांबून थांबून लावला जात असल्याने पीन हळूहळू तापते, प्लास्टिक तपकिरी पडते, स्क्रू सैल होतात. मालकाला वाटते, वर्षभर चालले म्हणजे ठीकच आहे.

काही ठिकाणी फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालतात. फ्यूज उडतो तो घर वाचवण्यासाठी. त्याला जाड तार घातली की त्यानंतर वितळायची पाळी भिंतीतल्या वायरीची.

आता शेडपर्यंत जाणाऱ्या वायरीकडे वळू. घर आणि शेड यांमध्ये तीस मीटर अंतर आहे आणि दीड चौरस मिलिमीटरची साधी एक्स्टेंशन वायर अंगणातून टाकली आहे, असे समजा. जाऊन येऊन साठ मीटर तांबे झाले. त्यातून ३० अँपिअर गेले तर सुमारे २४ व्होल्ट वाटेतच जिरतात आणि सातशे वॅटच्या वर उष्णता वायरीतच निर्माण होते. एखादी लहान इस्त्री अंगणभर पसरून ठेवल्यासारखेच हे आहे. वायर भेंडोळ्यात गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेर पडण्यास वाटही राहत नाही. उलट ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली, तर तेवढ्याच अंतरावर घट सुमारे सहा व्होल्टांवर येते. रॉड चिकटतो, ठिणगी नीट धरत नाही, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी मशीनला दोष देण्यापूर्वी वायरीची जाडी पाहावी.

तेव्हा जोडणी कशी असावी? मेन स्विचपासून शेडसाठी स्वतंत्र वायर असावी आणि तिच्यावर घरातील दुसरा कोणताही दिवा किंवा पंखा नसावा. मशीनच्या पाटीवर लिहिलेला प्रवाह पाहून ३२ अँपिअरची किंवा त्याहून मोठी एमसीबी घ्यावी. चालू करतानाचा झटका सोसण्यासाठी ती ‘सी’ वर्गाची, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरसाठी ‘डी’ वर्गाची असणे सोयीचे. एमसीबी वाढवली की वायरही वाढली पाहिजे. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी करणे म्हणजे जाड तारेच्या फ्यूजचाच नवा अवतार होय. सोबत ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी बसवावी. सॉकेट गोल, निळ्या रंगाचा, औद्योगिक पद्धतीचा, ३२ किंवा ६३ अँपिअरचा घ्यावा. थ्री फेज मशीनसाठी याच जातीचा लाल सॉकेट मिळतो.

अर्थिंगविषयी मात्र थोडे अधिक बोलावेसे वाटते, कारण आपल्याकडे ते गृहीत धरले जाते. पावसाळ्यात येथील जमीन ओलीचिंब असते, त्यामुळे अर्थिंग उत्तम लागते. चैत्र-वैशाखात तीच जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा विरोध वाढतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करून घ्यावी. दुसरी गोष्ट, मशीनची परतीची वायर, जिला आपण सरसकट ‘अर्थ’ म्हणतो, ती आणि घराचे अर्थिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परतीचा चिमटा कामाच्या लोखंडालाच, वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा. तो शेडच्या खांबाला किंवा नळाच्या पाइपाला अडकवला, तर शंभर-सव्वाशे अँपिअर भलत्याच वाटेने परत येऊ लागतात आणि घराच्या अर्थिंगची बारीक तार जळून जाते. ती जळल्याचे कोणास कळतही नाही. मग एके दिवशी फ्रिजला हात लावणाऱ्या गृहिणीला, किंवा गोठ्यात लोखंडी खुंट्याला बांधलेल्या म्हशीला, ते कळते.

होल्डरवरचे सत्तर-ऐंशी व्होल्ट कोरड्या हातमोज्यांत निरुपद्रवी वाटतात. आषाढात ओल्या कपड्यांनी, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून काम करणाऱ्यास तेवढेच प्राणघातक ठरू शकतात. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई असावी. भाताचे पिंजर, डिझेलचा डबा, खतांची पोती ठिणग्यांच्या टप्प्यात नसावीत, आणि हा टप्पा दहा मीटरपर्यंतही जातो. काम संपल्यावर अर्धा तास तरी कोणी तेथे लक्ष ठेवावे, कारण पिंजरातली आग आधी आतल्या आत धुमसते.

सकाळीच एका दादांनी मला विचारले, “साहेब, शेतातल्या पंपाला थ्री फेज आहे. मशीन तेथेच लावले तर काय बिघडते?” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मिळणारी मोफत वीज पंपासाठीच आहे. मंजूर कारणाखेरीज अन्य कामासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटरवर धंद्याचे वेल्डिंग केले तरी तेच. तारेवर आकडा टाकणे ही तर चोरीच. कलम १३५ खाली तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

१९०२ साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली, तेव्हा ती मोठ्या उद्योगांची मालमत्ता होती. आज ती आपल्या शेडपर्यंत आली आहे, पण डीपी मात्र सर्वांची मिळून एकच आहे. सिंगल फेजवर मोठे मशीन चालले की शेजारच्या घरातील दिवे लुकलुकतात, परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यास खोळंबतो, आणि भाऊबंदकीला आणखी एक निमित्त मिळते. भार आधी मंजूर करून घेतला, तर डीपीची क्षमता पाहणे कंपनीला शक्य होते.

याकरिता हेस्कॉमच्या शाखा कार्यालयात वाढीव भारासाठी अर्ज करावा. मशीनच्या पाटीवरील आकडे त्यात लिहावेत, आणि व्यवसाय करावयाचा असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून बंधन आहे. कर्नाटकात हे परवाने विद्युत निरीक्षणालय देते. ठेकेदाराचा परवाना पाहण्यास मागताना कोणी संकोच करू नये. डॉक्टरची पाटी वाचूनच आपण आत जातो ना?

बाहेर मंडपात तंत्रज्ञ मंडळींनी एक जोडणी फळीवर मांडून ठेवली आहे; शेजारी जळालेली पीन आणि वितळलेला सॉकेटही ठेवला आहे. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी त्याच्या पाटीवरील आकडे उतरवून आणले असतील, तर वायरीचे माप ते येथेच सांगतील. मी आपली रजा घेतो.