संदर्भसूचीतील प्रश्नचिन्हे
(कामरगाव येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला मराठीचा शिक्षक. संगणक हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच कबूल करतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावचाच एक माजी विद्यार्थी, सध्या अमरावतीस एम. एस्सी. करणारा, रात्री नऊ वाजता लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आला. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाचा अहवाल द्यावयाचा होता, आणि पानोपानी जेथे आधारग्रंथाचा क्रमांक हवा तेथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह! वडील हमाली करतात. घरातील हा पहिला पदवीधर. विचारावे कोणास? "सर, सूची काढूनच टाकू का?" तो म्हणाला. दुसऱ्याचे लेखन वापरावयाचे आणि नाव गाळावयाचे, याला काय म्हणतात ते मी त्याला सांगितले, आणि आम्ही दोघे बसलो.

लाटेक ही मजकूर सुबक जुळविणारी प्रणाली. तिची सूची बिबटेक नावाचा प्रोग्रॅम करतो. तो ओरेन पटाश्निक यांनी १९८५ साली केला. हे काम सरकारी दाखल्याप्रमाणे एका खेपेत होत नाही. प्रथम लाटेक 'अमुक खुणेचा ग्रंथ हवा' अशी टीप लिहून ठेवते. बिबटेक ती टीप वाचून बिब फाईलमधून नोंदी उचलतो. मग लाटेक पुन्हा दोनदा चालवावी लागते. मधली खेप चुकली की प्रश्नचिन्ह. (नव्या पद्धतीत बिबटेकऐवजी बायबर चालवितात. मराठी ग्रंथांची सूची अकारविल्हे लावावयाची तर तोच बरा. एकाचे काम दुसऱ्यास सांगितले तर सूची कोरी राहते.)

आमच्या तरुणाने सर्व खेपा केल्या होत्या. चूक पडली की बिबटेक ती बी-एल-जी फाईलमध्ये नोंदवितो. ती मात्र त्याने उघडलीच नव्हती. तिच्यात तक्रार होती: बिब फाईल उघडता येत नाही. फाईल तर समोर दिसत होती! विंडोजने नावाचे शेपूट लपविले होते. खरे नाव 'बिब डॉट टीएक्सटी' असे होते. नाव बदलले, प्रश्नचिन्हे गेली. मग ४२ व्या ओळीत स्वल्पविराम नसल्याची तक्रार आली. ती ओळ निर्दोष. स्वल्पविराम ४१ व्या ओळीच्या शेवटी राहिलेला. प्रोग्रॅमला चूक जेथे उमगते ती ओळ तो सांगतो, म्हणून एक ओळ वर पाहावे. आणि तक्रारी वीस असल्या तरी पहिली आधी मिटवावी. पुष्कळदा बाकीच्या तिचीच पिल्ले असतात.

खरा घोळ पुढेच होता, आणि त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. आपल्या वऱ्हाडात मुसलमानाचे नाव 'शेख अमुक शेख तमुक' असे लिहितात; तमुक म्हणजे वडील. बिबटेक मात्र शेवटचा शब्द आडनाव समजतो. त्याने 'एस. ए. एस. तमुक' असे छापून लेखकाला वडिलांच्या अक्षराखाली बसविले. 'योगसंग्राम' रचणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचेही तो असेच करील. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. अशा सूचीत नाव भलत्या अक्षराखाली गेले, तर ग्रंथ असून नसल्यासारखाच.

उपाय सोपा आहे. संपूर्ण नाव महिरपी कंसात घालावे, म्हणजे प्रोग्रॅम त्याचे तुकडे करीत नाही. लेखक अनेक असतील तर मध्ये स्वल्पविराम न देता इंग्रजी 'अँड' लिहावा. दोन स्वल्पविराम तो निमूटपणे चुकीचे वाचतो. अधिक झाले म्हणजे ओरडतो.

साडेअकराला सूची उतरली. जाण्यापूर्वी मुलाने गंमत म्हणून स्वतःचे नाव लेखकाच्या जागी घालून पाहिले. ते वडिलांच्या नावाखाली छापले गेले. दोघेही हसलो. मग त्याने कंस घातले, पुन्हा सर्व खेपा केल्या आणि पूर्ण नाव पडद्यावर आले, ते बराच वेळ पाहत बसला.