मुलगी वकील होईल, पण पहिली तीन वर्षं कोण सांभाळणार?

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय निघतो. मुलगी म्हणते, मला वकील व्हायचंय. आई विचारते, शिकून पगार किती मिळेल? कर्ज काढायचं तर हे विचारायलाच हवं. आज आपण तोच हिशोब मांडू.

मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये नव्या वकिलाला वर्षाला १५ लाखांच्या वरही मिळतात. पण तिथे बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली मोजकी मुलं लागतात. आपल्या भागातल्या कॉलेजमधून शिकलेली मुलगी बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात वरिष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम सुरू करते. तिथे ठरलेला पगार नसतो. कुठे थोडं मानधन मिळतं, कुठे एसटीचं भाडं तेवढं सुटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं सांगितलं, की ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून काम धरण्याआधीच मुलीनं विचारावं, महिन्याला काय द्याल? यात लाजण्यासारखं काही नाही.

वकिलीसाठी सनद लागते. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला निकाल दिला, की सनदेसाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा असते, तिची फी वेगळी.

पक्क्या पगाराच्याही वाटा आहेत. सरकारी बँकेत विधी अधिकारी व्हायला पदवी आणि सनद लागते. सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० रुपये. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाचं मूळ वेतन ७७,८४० पासून सुरू होतं. दोन्हींसाठी स्पर्धा परीक्षा आहे, आणि २० मे २०२५ च्या निकालानं न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत नाव यायलाही तीन वर्षांचा अनुभव लागतो.

आता कर्जाकडे बघू. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तर मुलगी तेवीसची होते. चोविसाव्या वर्षी हप्ता दारात उभा राहतो. परीक्षेला बसायची पात्रता मात्र सव्वीसच्या आसपास येते. अडचण या मधल्या दोन-तीन वर्षांत आहे. याच काळात घरचे म्हणतात, "कमवत नाहीस, तर लग्न करून टाकू." आणि सनद ट्रंकेत जाते.

म्हणून कर्जाआधी तीन गोष्टी करू. एक, कर्ज कमीत कमी काढू. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्यानं २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आहे. आपल्या मुलीला काय लागू होतं, ते प्रवेशाआधी कॉलेजात विचारा. दोन, पदवीनंतरच्या तीन वर्षांचा जेवणाचा, राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कागदावर लिहा. तीन, त्या खर्चासाठी आजपासून वेगळी बचत करा. गटाचं अंतर्गत कर्ज शिक्षणाच्या फीपेक्षा या काळात जास्त उपयोगी पडेल.

वारसनोंद असो, पोटगी असो, मारहाणीची केस असो, बाईला आपलं दुखणं सांगायला बाई वकील बरी वाटते. तशी वकील आपल्याच गावातून यावी असं वाटत असेल, तर पहिली तीन वर्षं तिला "पगार किती?" असं रोज विचारायचं नाही. पुढच्या बैठकीत लॉला जाणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला बोलवा, वही-पेन घ्या आणि हा हिशोब एकत्र करा.