एल्फिन्स्टन : आज्ञेपूर्वीची पृच्छा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या व्याख्यानमालेचा पाया न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली घातला, तिच्या व्यासपीठावरून पेशवाई खालसा करणाऱ्या माणसाविषयी आदराने बोलणे पुण्यात सोपे नाही, हे मी जाणतो. परंतु रानडे स्वतः मुंबईस ज्या विद्यालयात शिकले त्यास माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचेच नाव होते, एवढे स्मरून आपण मला तासभर सांभाळून घ्यावे. (टाळ्या)

त्याचे पूर्वचरित्र आपणांस ठाऊकच आहे : १७७९ चा जन्म, वयाची सोळा वर्षे होतात न होतात तोच कंपनीच्या मुलकी नोकरीत कलकत्त्यास आगमन, १८०३ मध्ये असईच्या रणात वेलस्लीच्या दिमतीस, पुढे काबूलच्या शहाकडील वकिलात आणि १८११ पासून पुण्याची रेसिडेन्सी. गंगाधरशास्त्र्यांचा खून आणि त्रिंबकजी डेंगळ्यांचे ठाण्याहून पलायन मी ओलांडून जातो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी जळाली व तीत त्याची ग्रंथसंपदा खाक झाली, एवढे मात्र ध्यानी धरा; कारण ज्याची पुस्तके आम्ही जाळली, त्याने दोनच वर्षांनी आमच्या राज्यव्यवस्थेविषयी जे लिहिले त्यात सूडाचा लवलेश नाही.

ते लिखाण म्हणजे ऑक्टोबर १८१९ चा, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल. माझे प्रतिपादन एवढेच, की एल्फिन्स्टनची थोरवी त्याच्या गव्हर्नरीत नसून या अहवालात आहे. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज आणि धारवाडास चॅप्लिन अशा कलेक्टरांना त्याने हुकुमांपूर्वी प्रश्न पाठविले : पाटलाचा अधिकार किती, कुळकर्ण्याचे दप्तर कसे, पंचायत बसते कशी आणि तिचा निवाडा अमलात कोण आणतो?

आता तगाद्याचेच पाहा. सावकाराचे पैसे थकले की तो कोर्टात न जाता कुळाच्या दारात बसे. आधी नुसते मागणे, मग पहारा, मग त्याचे अन्नपाणी बंद, आणि तेवढ्यानेही न भागल्यास डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभे करणे! (हशा) हसू नका. आपल्यांपैकी कित्येकांचे खापरपणजे त्या उन्हात उभे राहिले असतील. (मोठा हशा) हे सारे त्याने बारकाईने टिपले. पंचायतीची दिरंगाई टिपली, सरकारी हस्तक्षेप आणि लाचलुचपतही टिपली. आणि एवढे दोष मोजून झाल्यावर कबूल केले, की या व्यवस्थेखाली मराठी मुलूख भरभराटीस आला होता, व आमच्या, म्हणजे इंग्रजांच्या, अधिक पूर्ण म्हणविणाऱ्या राज्यातील कित्येक अनर्थांपासून ही प्रजा मुक्त होती. जेत्याने जिताविषयी असे सरकारी कागदावर लिहावे, याला मी चारित्र्य म्हणतो.

मागून एक गृहस्थ विचारताहेत, की मग राज्य घेतले कशाला? प्रश्न रास्त आहे. राज्य त्याने कंपनीसाठी घेतले. सातारच्या ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात वतने-इनामे राखण्याचे अभिवचन दिले त्यातही राजकारण होतेच. मी त्या सत्तेचे समर्थन करीत नाही. तिच्या एका चाकराच्या कार्यपद्धतीचे करतो आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. तेव्हा गव्हर्नरीची आठ वर्षे आता दोन मिनिटांत. १८१९ ते १८२७ : दक्षिणेच्या रकमेतून विश्रामबागवाड्यातील १८२१ ची संस्कृत पाठशाळा, शालेय पुस्तकांना आश्रय आणि १८२७ ची कायदेसंहिता. पंचायती टिकाव्यात अशी त्याची इच्छा होती, तरी कायद्याची कोर्टे उभी राहताच त्या ओस पडल्या. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे अपयश मी हेच मानतो. गव्हर्नर-जनरलचे पद पुढे दोनदा चालून आले असता त्याने ते नाकारले, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८५९ साली इंग्लंडात देह ठेवला.

या सभागृहात स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी पुष्कळ दिसतात. उद्या तालुक्याची किंवा जिल्ह्याची सूत्रे तुमच्या हाती येतील. पहिले परिपत्रक काढण्यापूर्वी गावच्या चावडीवर जाऊन बसा, तलाठ्याचे दप्तर पाहा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, आणि जे सापडेल ते सरकारास न रुचणारे असले तरी जसेच्या तसे लिहा. परक्या राजवटीच्या नोकराने आपल्या पूर्वजांसाठी एवढे केले. आपल्या माणसांसाठी तुम्ही त्याहून कमी करू नये.