पन्नाशीनंतरची विचारपूस



संमेलनासाठी तिरुक्करुगावूरची निवड झाली, त्याचे औचित्य मोठे आहे. कुंभकोणम आणि तंजावर या दोन्ही शहरांपासून साधारण वीस किलोमीटरवर, वेट्टार नदीकाठचे हे गाव गर्भरक्षांबिकेचे. मूल होत नाही अशी जोडपी इथून तुपाचा प्रसाद नेतात. दिवस गेलेल्या लेकीसुनांसाठी एरंडेल नेले जाते आणि कळा सुरू झाल्या की ते पोटाला लावतात. स्थलपुराण सांगते की निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गरोदर असताना घरी एकटी होती. दारी आलेल्या ऊर्ध्वपाद ऋषींचा सत्कार करण्याचे त्राण तिच्या अंगी उरले नव्हते. ऋषींनी शाप दिला आणि गर्भ धोक्यात आला. देवीने तो घटात ठेवून वाढवला. जन्मलेल्या बाळाला दूध दिले कामधेनूने, आणि देवळासमोरचे क्षीरकुंड त्याच दुधाचे मानतात.

थकलेल्या बाईची कोणीतरी काळजी घ्यावी, ही या कथेतली इच्छा आजही जिवंत आहे. घरात सून गरोदर राहिली की तिने काय खाल्ले, किती झोपली, सोनोग्राफीची तारीख कधी आहे, हे सासऱ्यांपासून धाकट्या दिरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. सरकारही तिची नोंद करते, आशाताई तिच्या दारी येते. हा सगळा पहारा बाळंतपणानंतर काही महिन्यांत उठतो. पुढे वीस-पंचवीस वर्षे जातात. तीच बाई पन्नाशीला येते. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सासूबाईंचे डोळ्यांचे ऑपरेशन, नातवाची लस हे सगळे तिच्या लक्षात असते. तिची स्वतःची तपासणी मात्र कोणाच्याच यादीत नसते. आजच्या भाषणाचा विषय हीच बाई आहे, आणि तिच्या छातीतली ती गाठ, जी दुखत नाही म्हणून ती कोणाला सांगत नाही.

आकडे आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. देशातल्या अकरा नोंदणी केंद्रांत २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सर्व टप्पे मिळून निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६६.४ टक्के निघाले. रोग स्तनापुरताच असताना सापडला तर हे प्रमाण ८१ टक्के होते, आसपासच्या गाठींपर्यंत पोहोचल्यावर ६५.५ टक्के, आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर अवघे १८.३ टक्के.

८१ आणि १८ यांमधले अंतर औषधांनी थोडेफार कमी होते. त्याहून जास्त ते वेळेवर पाहण्याने कमी होते.

आणि पाहतो कोण? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, स्तनाच्या कॅन्सरसाठी तुमची तपासणी कधी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १ टक्काही नव्हत्या. तामिळनाडूचा आकडा देशाच्या पुढे आहे, तरी शंभरातल्या दहाजणींपर्यंतही तो पोचत नाही. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही पाहणी स्त्रियांशी बोलते ती ४९ व्या वर्षापर्यंतच. ज्या वयात धोका वाढतो, त्या वयाच्या बाईला हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तिला विचारले, तर काय घडते? याचे उत्तर जगाला मुंबईच्या वस्त्यांनी दिले आहे, आणि मराठी समाजाने ते अजून पुरते ऐकलेले नाही.

टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईत एक चाचणी सुरू केली. प्रमुख संशोधक होते डॉ. इंद्रनील मित्रा, पुढे हॉस्पिटलची धुरा वाहणारे डॉ. राजेंद्र बडवेही त्यात होते. शहरातले वीस विभाग निवडले गेले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात आल्या. निम्म्या विभागांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले आणि रोगाची माहिती दिली. उरलेल्या विभागांत एकदा माहिती दिली गेली. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. त्यांना या कामाचे खास शिक्षण देऊन तयार केले होते. मॅमोग्राफीचे यंत्र वस्तीत गेले नाही. तिथे गेले ते शिकवलेले हात, आणि संशय आला तर टाटा हॉस्पिटलपर्यंत नेणारी व्यवस्था.

वीस वर्षांचा पाठपुरावा करून निष्कर्ष २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले गेले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर सरासरी ५५.१८ व्या वर्षी सापडला, दुसऱ्या गटात ५६.५० व्या वर्षी. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंत १५ टक्के घट दिसली. संख्याशास्त्राच्या कसोटीवर मात्र ती निर्विवाद ठरली नाही आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे करून पाहिले, तेव्हा चित्र बदलले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत ठळक फरक नव्हता. पन्नास आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते.

सभाजनहो, या निष्कर्षापाशी थोडे थांबायला हवे. ज्या वयात घर बाईची विचारपूस थांबवते, नेमक्या त्याच वयात नुसत्या हाताच्या तपासणीने जीव वाचलेले दिसतात. वयानुसार केलेली ही फोड मागाहूनची आहे, म्हणून ती जपूनच वाचावी लागते. पण लाखो रुपयांचे यंत्र आणि ते वाचणारा तज्ज्ञ तालुक्याला कधी मिळेल याची वाट पाहणाऱ्या देशाला यातून आज करता येण्याजोगे काम मिळते. श्रीमंत देशांत दर एक-दोन वर्षांनी मॅमोग्राफीची रीत आहे आणि जिथे ती नीट चालवता येते तिथे तिचा उपयोग आहेच. इथल्या पापनाशम किंवा महाराष्ट्रातल्या परांडा तालुक्यातल्या बाईने मात्र तोवर बिनतपासणीचे का राहावे?

आरोग्यसेविकेचा हात निदान करत नाही. तो संशय नोंदवतो. पुढे डॉक्टरची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा, या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे प्रत्येक बाईला तपासणीआधी सांगितले पाहिजे, कारण भीतीने ती दारच लावून घेते. तशाच काही समजुती घराघरांत पक्क्या बसल्या आहेत. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ ही त्यातली सर्वांत घातक. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ‘सुई लागली की पसरतो’ ही दुसरी. तिच्यापायी तुकडा तपासायला महिने उलटतात. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, काखेत गाठ लागणे, एका बाजूचा आकार बदलणे, यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवायचे. वय तिशीचे असले तरी, घराण्यात कोणालाच नसले तरी.

नुसत्या बोलण्यानेही किती फरक पडतो, हे बार्शीने दाखवले. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. टाटा मेमोरियलच्या साहाय्याने तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी रोगाविषयी बोलत, लक्षणे असलेल्यांना दवाखान्यात यायला सांगत. काही वर्षांतच या भागातल्या स्त्रियांचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले हे काम मराठवाड्याच्या वेशीवर, ज्वारीच्या मुलखात झाले. जागतिक पातळीवरच्या शोधनिबंधांत बार्शीचे नाव आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत ते यायला हवे.

तामिळनाडूच्या बाजूची परंपराही तितकीच उजळ आहे. इथून जवळच्या पुदुक्कोट्टैत १८८६ साली जन्मलेल्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण १९२३ साली कॅन्सरने गेली. ते दुःख त्यांनी तीस वर्षे उराशी धरून कामाला लावले आणि १९५४ साली चेन्नईत अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली, १२ खाटांची. १९५५ साली डॉ. व्ही. शांता तिथे रुजू झाल्या आणि २०२१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती संस्था सोडली नाही. पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवायचे नाही, हा या संस्थेचा ध्यास राहिला.

आता बरे होण्याविषयी, कारण तपासणीचा आग्रह धरणाऱ्याने पुढच्या वाटेची जबाबदारीही घेतली पाहिजे. ‘कळून तरी काय करायचे, छातीच काढणार’ असे अजून ऐकू येते. इटलीत उंबेर्टो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर सिद्ध केले की, लवकर सापडलेल्या रोगात गाठ काढून रेडिएशन दिले तर संपूर्ण स्तन काढल्याइतकेच आयुष्य मिळते. म्हणजे लवकर येणारी बाई बहुतेक वेळा स्तनही वाचवते. डॉ. बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन या भूल देण्याच्या स्वस्त औषधाचे इंजेक्शन दिल्यावर सहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलेले दिसले.

ऑपरेशन, केमो आणि शेक संपले की घरचे पेढे वाटतात. बाईचे काम मात्र तिथे संपत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते; खांदा आखडू नये म्हणून रोज व्यायाम करावा लागतो, हंडा उचलताना विचार करावा लागतो. अनेकींना हार्मोनची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यायची असते, आणि ‘आता बरी आहे’ म्हणून ती मध्येच सोडली जाते. केमोनंतर पाळी लवकर जाते, हाडे ठिसूळ होतात, थकवा महिनोन्‌महिने टिकतो. केस परत येतात. आरशासमोर उभे राहण्याचे धैर्य यायला कधी जास्त वेळ लागतो. नवऱ्याने त्या काळात काय बोलावे, मुलीने आपल्या धोक्याविषयी कोणाला विचारावे, नोकरीवर किंवा शेतावर कधी परतावे, याचे मार्गदर्शन डॉक्टरच्या पाच मिनिटांत मावत नाही.

तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था चालवली. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्या आहेत: आधीची स्थिती, उपचार, नंतरचा परिणाम. उपचारानंतरचा माणूसही नोंदीत ठेवायचा, ही शिस्त या मातीत दोनशे वर्षांपूर्वी होती. आज कॅन्सरमधून उठलेल्या बाईच्या बाबतीत तीच हवी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन मापे ठरवली. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरे व्हावे आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. या तीन मापांवर आपापला जिल्हा मोजण्याचा आग्रह या संमेलनाने धरावा. तिशीपुढच्या प्रत्येकीच्या घरी आशाताई जो आरोग्यतक्ता भरतात, त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न आहेच. त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचे पुढे काय झाले, हे त्या तक्त्याशी जोडून लिहिले जावे. तपासणीत पन्नाशीपुढच्या स्त्रियांना पहिला नंबर मिळावा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तामिळनाडूत मुख्यमंत्र्यांची विमा योजना आहे. रोगाचा संशय आलेल्या बाईला तपासणीच्या दिवशीच या योजनेची कागदपत्रे भरून द्यावीत.

लेखक मंडळींकडे वेगळे मागणे आहे. हाताचे व्यायाम, गोळ्यांचे वेळापत्रक, पुन्हा दाखवायच्या तारखा, घरच्यांनी काय करावे, हे सांगणारी साध्या मराठीतली चित्रमय पुस्तिका या संमेलनाने तयार करावी. ती डॉक्टर आणि परिचारिकांनी तपासावी, आजारातून उठलेल्या स्त्रियांनी आधी वाचून दुरुस्त करावी, आणि तंजावरच्या मराठी घरांसाठी तिचा मजकूर तमिळमध्येही शेजारी छापावा. या पुस्तिकेसाठीच्या समितीची नावे आज दुपारच्या सत्रात ठरावीत, एवढा ठराव अध्यक्षस्थानावरून मांडला जात आहे.