लेखणी तिच्या हातात

(महिला मंडळाच्या सभेत केलेलं भाषण)



‘रोजच्या जीवनात वाचन-लेखनाचा आनंद’ असा विषय मला दिला आहे. तो ऐकून मी आधी जरा अडखळले. ज्यांच्यामध्ये आम्ही काम करतो त्यांचा दिवस पहाटे पाण्याच्या रांगेत सुरू होतो. त्यांच्यापुढे वाचनाच्या आनंदाची गोष्ट काढायची म्हणजे चैनच, असं मला पूर्वी वाटायचं. माझं हे मत एका मावशींनी बदललं. आज त्यांचीच हकिगत सांगते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची माणसं चाकण, महाळुंगे, निघोजे इथल्या कंपन्यांत आहेत. त्याच कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या, आवार झाडणाऱ्या, नव्या शेडच्या कामावर विटा वाहणाऱ्या कितीतरी बायका खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागातून आलेल्या असतात. ठाकर, महादेव कोळी, कातकरी समाजाच्या. भाताची कापणी झाली की गावाकडे काम उरत नाही, मग बिऱ्हाड इकडे येतं. काही जणी पावसाळ्यात परत जातात, काही इथंच पत्र्याच्या खोलीत राहतात.

आमच्या मावशी ठाकर समाजाच्या. त्यांची नात गावाकडे आश्रमशाळेत शिकते. मुलीजवळ फोन नाही, म्हणून मावशी महिन्यातून एकदा माझ्याकडे पोस्टकार्ड घेऊन यायच्या. पन्नास पैशांचं कार्ड. ‘ताई, तूच लिही चांगलं.’ मी लिहायचे: अभ्यास कर, प्रकृतीला जप, गुरुजींचं ऐक. माझं अक्षर चांगलं आहे, याचा मला थोडा अभिमानही होता. दिवाळीच्या सुट्टीत ती नात इथं आली. मी कौतुकानं विचारलं, ‘आजीची पत्रं मिळतात ना?’ ती म्हणाली, ‘मिळतात. पण सगळी सारखीच असतात. त्यात आजी नसते.’

भगिनींनो, ते वाक्य मला लागलं. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना शिकलेली एक गोष्ट त्या रात्री आठवली. पौलानं रोमकरांस पत्र सांगितलं आणि तर्तियानं ते लिहून घेतलं. तर्तियाचं नाव आपण आदरानं घेतो. पण गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल लेखणी स्वतःच्या हातात घेतो आणि म्हणतो की, पाहा, माझी अक्षरं केवढी मोठी आहेत! तो असं का सांगतो, यावर विद्वानांची वेगवेगळी मतं आहेत. मला मात्र त्यात एका माणसाचा हात दिसतो. मी बरीच वर्षं तर्तियाचं काम केलं. फॉर्म भरले, अर्ज लिहिले, कार्डं लिहिली. ती मदत खोटी नव्हती. पण लेखणी त्यांच्या हातात द्यावी, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग आम्ही वर्ग सुरू केला. आपल्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते, म्हणून दर गुरुवारी दुपारी मावशींच्याच खोलीत. सहा जणी आल्या. मी नेहमीची अंकलिपी नेली होती. ‘क कमळाचा’ म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, ‘आमच्या डोंगरात करवंद हाय, कमळ कुठलं आणू?’ मी अंकलिपी मिटली. आम्ही ‘करवंद’ घेतलं. त्यानंतर प्रत्येकीचं नाव, आणि मग बसची पाटी. चाकण! तीन अक्षरं आणि एक काना, जोडाक्षर नाही. पुढच्या गुरुवारी एक जण धापा टाकत आली. ‘ताई, मी पाटी वाचून बसले. कुणाला विचारलं नाही.’ त्या दिवशी वर्गात अर्धा तास फक्त हाच विषय होता. बस तीच, रस्ता तोच, पण कुणाला न विचारता चढण्यातला आनंद वेगळाच होता.

मावशींनी वही केली. रोज रात्री तारीख आणि शिफ्ट लिहायची. एका महिन्यात ठेकेदाराच्या माणसानं दोन दिवसांची हजेरी कमी धरली. मावशींनी वही उघडून पुढे ठेवली. कटकट झाली, पण दोन दिवसांचा पगार मिळाला. अशी गोष्ट आपल्या अहवालात चांगली दिसते आणि ती महत्त्वाची आहेच. घामाचे पैसे आहेत ते.

पण त्या वहीची मागची पानं मी पाहिली, ती मला जास्त मोलाची वाटतात. तिथं मावशींनी रानभाज्यांची नावं लिहिली होती: कुरडू, चाई, भारंगी, टाकळा, कोळू. एकाखाली एक, वाकडीतिकडी. मी विचारलं, ‘हे कशासाठी?’ त्या म्हणाल्या, ‘कशासाठी नाय. रातच्याला लिवते. लिवलं का डोळ्यांम्होरं येतं.’ गुरुवारी त्यांनी ती यादी मोठ्यानं वाचली. बाकीच्या पाच जणींनी लगेच भर घातली. कोणती भाजी पहिल्या पावसात येते, कोणती उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, यावर चांगलाच वाद रंगला. त्या पत्र्याच्या खोलीत तासभर त्यांचा डोंगर येऊन बसला होता. मी गप्प बसून ऐकत होते. त्या दिवशी शिकणारी मी होते.

आणि मग ते कार्ड. सात-आठ महिन्यांनी मावशींनी नातीला स्वतः पत्र लिहिलं. पिनकोडचे सहा आकडे घालताना त्यांना घाम फुटला. मजकूर एवढाच होता: ‘हित पतर्‍यावर पाउस वजतो. झोप येत नाय. तुजी याद येते. हे मी लिवल.’ माझा हात चुका दुरुस्त करायला पुढे झाला होता, खोटं कशाला सांगू? मी तो मागे घेतला. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. नातीनं लिहिलं होतं, ‘आजी, वाजतो मध्ये काना पाहिजे. हे पत्र मी पेटीत ठेवलं आहे.’ मावशी ते कार्ड सगळ्या चाळीला दाखवत फिरल्या. ‘माझी नात माझी बाई झाली बघा!’

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट नवी वाटू नये. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर घरातच त्यांची अक्षरओळख झाली. त्यांनी रेव्हरंड टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं. 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं प्रसिद्ध झाली आणि आज ती मराठीतल्या थोर आत्मचरित्रांत गणली जातात. त्यांनी पंडिती भाषा उसनी आणली नाही, घरात बोलावं तसं लिहिलं. समजा, कुणी भल्या माणसानं म्हटलं असतं, ‘लक्ष्मीबाई, तुम्ही सांगा, मी चांगल्या भाषेत लिहून देतो,’ तर? आपल्याला एक नीटनेटकं पुस्तक मिळालं असतं, आणि त्यात लक्ष्मीबाई नसत्या.

म्हणून आपल्या मंडळीकडे माझं मागणं थोडं वेगळं आहे. आपण धान्य देता, ब्लँकेट देता, फीसाठी मदत करता. त्याबद्दल मनापासून आभार. आता आठवड्यातला एक तास द्या. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या बळावरच चालतो. त्यात नाव नोंदवता येईल, किंवा आमच्या वर्गात येऊन बसता येईल. वह्या, पेन्सिली, मोठ्या टाइपातली गोष्टींची पुस्तकं हवी आहेत. कोरी पोस्टकार्डंही द्या.

आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाई एखादा फॉर्म घेऊन आली, तर पेन लगेच आपल्या हातात घेऊ नका. तिच्याशेजारी बसा. वेळ जास्त लागेल. नाव वाकडं येईल. येऊ द्या.

परवा मावशी बँकेचा कागद घेऊन आल्या. सवयीनं मी पेन उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ताई, तू निस्ती बस.’

मी बसले. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.