कागद एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात

(चिकपेट, बेंगळुरू येथे मराठी भाषक विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिकपेटमध्ये मराठी ऐकायला लांब जावे लागत नाही. सोने-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव इथे आहेत, कापडाच्या गाळ्यांवर राबणारेही आहेत. गणपतीत आणि शिवजयंतीला आपण सगळे मराठी असतो. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत मात्र कळते की सगळ्यांची अडचण सारखी नाही. फीची चिंता अनेकांना असते. फी, जातीचा दाखला आणि रहिवास ही तिन्ही कोडी एकाच वेळी सोडवावी लागतात ती आपल्या मुलांना.

एक मुलगी धरा. आजोबा साताऱ्याकडचे. वडील वीस वर्षे इथे गठ्ठे उचलतात. ती शिकली इथेच. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेली तर इथला कारकून म्हणतो, ‘तुमची जात महाराष्ट्रातली, तिकडे जा.’ तिकडचा म्हणतो, ‘रहिवास कर्नाटकातला, तिकडेच मागा.’ मुलगी मधल्या मध्ये. शेवटी ती गाळ्यावर बिले फाडायला बसते आणि लोक म्हणतात, हिला शिकायचेच नव्हते.

हे का होते, ते समजून घ्या. कर्नाटकाच्या अनुसूचित जातींच्या यादीतही महार जात आहे. पण नुसते नाव जुळून भागत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सांगितले की, स्थलांतर करून गेलेल्याला दुसऱ्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. इथल्या होलेया-मादिगा भावंडांच्या जागा आपण घ्याव्यात, असे माझे अजिबात म्हणणे नाही. ते आपलेच लोक आहेत. म्हणणे एवढेच की, आपली मुलगी कुठल्या तरी एका राज्याच्या खात्यात असलीच पाहिजे.

आता कामाचे सांगतो. वडिलांच्या महाराष्ट्रातल्या दाखल्यावरून इथला अधिकारीही मुलाला दाखला देऊ शकतो. तो मूळ राज्याच्या नोंदीचा असतो आणि केंद्राच्या संस्थांत चालतो. याच बेंगळुरूतली भारतीय विज्ञान संस्था त्यातच येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्याने द्यायची असते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. महाराष्ट्राचा रहिवास असेल तर बाहेर शिकत असतानाही महाडीबीटीवर अर्ज करता येतो. म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा जुना उतारा जपून ठेवा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिले असेल तर घाबरू नका. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून केंद्रानेही मान्य केल्या आहेत. मात्र मूळ जातीचा पुरावा जोडा.

एक खिंडार मात्र अर्ज भरून बुजणार नाही. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्राची स्वाधार योजना आहे, पण ती राज्यातल्या कॉलेजांपुरती. सीमेपलीकडे शिकणारे आपलेच मूल तिथे परके ठरते. ही अट बदलावी म्हणून आपण मागणी केली पाहिजे.

बाबासाहेबांचे आठवा. जन्म महूचा, मूळ गाव कोकणातले, कॉलेज मुंबईचे, शिष्यवृत्ती बडोदा संस्थानची आणि १९१३ मध्ये विद्यापीठ न्यूयॉर्कचे. बडोद्याच्या कारकुनाने ‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाही’ म्हणून अर्ज परत केला असता तर? त्या मदतीचे मोल त्यांना ठाऊक होते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने सुरुवातीलाच, १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह काढले. पोराला आधी झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण, मग पुस्तक.

पैसा मिळाला तरी वर्गात मान मिळेलच असे नाही. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये. दोघांच्या आया एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. भेदभावाच्या तक्रारींसाठी समान संधी कक्ष असावा, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २०१२ चा आहे. तुमच्या कॉलेजात तो कक्ष कुठे आहे, अधिकारी कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. तक्रार नसतानाही विचारा. विचारणारा आहे हे कळले की फलकावर नाव लागते.

शेवटी एकच काम मागतो. दर रविवारी दोन तास इथे एक टेबल मांडू. ज्यांचा अर्ज मंजूर झाला त्यांनी नव्यांचे अर्ज भरून द्यायचे, कन्नड वाचता येते त्यांनी वाचून दाखवायचे. कुणाचा अर्ज कुठे अडला याची वही ठेवायची. वर्षभराने तीच वही घेऊन दोन्ही राज्यांच्या समाजकल्याण खात्यांकडे जाऊ. तोंडी गाऱ्हाणे विसरले जाते, वही विसरता येत नाही.

जय भीम, जय संविधान.