पोक काढून बसताना



‘ताठ बस!’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणाचंच बालपण सरत नाही. मूल छाती फुगवतं, खांदे मागे खेचतं आणि दोन मिनिटांत पुन्हा ढेपाळतं. यात मुलाचा दोष नाही. ओढूनताणून धरलेला ताठपणा स्नायूंना थकवतोच.

तरीही सांगणाऱ्यांची काळजी खोटी नाही. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. ते कण्यावर सरळ तोललेलं असतं तोवर मानेला फार कष्ट पडत नाहीत. मोबाइल बघायला मान झुकली, की ते वजन पुढे कलतं आणि मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणिताने काढलेला अंदाज असा, की 60 अंश झुकलेल्या मानेवर सुमारे 27 किलोंचा भार येतो. शिवाय पोक काढून बसलं की पोट दबतं, श्वासपटलाला खाली सरकायला पुरेशी जागा मिळत नाही आणि श्वास उथळ होतो.

मग करायचं काय? बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात याचं उत्तर शोधलं. मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांत बालपण गेलेला हा माणूस 1937 मध्ये योग शिकवायला पुण्यात आला आणि पुण्याचाच झाला. मॉडेल कॉलनीत 1975 मध्ये सुरू झालेली त्यांची संस्था पत्नी रमामणी यांच्या नावाने आहे. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, ब्लँकेटं, खुर्च्या ही त्यांच्या शिकवण्यातली साधनं. जी पाठ आपणहून उठत नाही, तिला आधार द्यायचा. मांडी घालून बसताना बैठकीखाली ब्लँकेटची जाड घडी सरकवून पाहा. कंबर किंचित पुढे कलते आणि कणा जोर न लावता उभा राहतो. शरीराला न रागावता मदत करण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. अर्थात घडीवरही तासन्‌तास बसू नये. अधूनमधून उठून चार पावलं टाकावीत.

आणि मन? खचलेला माणूस खांदे पाडून चालतो. पण खांदे उचलले की मनही उठतं का? अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 2010 मध्ये म्हटलं, की दोन मिनिटं ऐसपैस पवित्रा घेतल्यास ताणाचं संप्रेरक उतरतं. 2015 मध्ये मोठ्या गटावर पुन्हा तपासलं, तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही. बळ आल्यासारखं वाटतं, एवढंच टिकलं. पहिल्या अभ्यासातल्या डेना कार्नी यांनी 2016 मध्ये स्वतःहून जाहीर केलं, की आपला आता त्या परिणामावर विश्वास नाही. असं धैर्य शास्त्रातही विरळाच.

म्हणून बसण्याची ढब सुधारा. मात्र तिच्यावर नैराश्याचा उपचार सोपवू नका. उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा हातापायांत मुंग्या, बधिरपणा राहू लागला, तर डॉक्टरांना दाखवा.